डाव्या पिळाचा दोर

कुर्रर्र... आणि मग शांत. पुन्हा कुर्रर्र... आणि पुन्हा शांत.

हा आवाज मी फार लहानपणी ऐकला आहे. दोर वळायच्या चाकाचा आवाज होता तो. चाकावर एक माणूस आणि दोरावर दुसरा माणूस असला, की चाक न थांबता फिरतं आणि आवाज एकसारखा येत राहतो. पण माणूस एकटाच असला, की त्याला चाक सोडून दोराकडे धावावं लागतं आणि दोर सोडून पुन्हा चाकाकडे यावं लागतं. मग आवाज असा तुटत तुटत येतो. आई म्हणायची, "एकट्याचं चाक आहे ते." मी विचारलं, "एकटा का आहे तो?" तेव्हा तिनं मला त्याची नव्हे, पण तशाच एका एकट्याची जुनी गोष्ट सांगितली. ती अशी.

फार पूर्वी एका माळावर दोर वळणाऱ्यांचं गाव होतं. त्या माळावर दुसरं काही पिकत नसे, पण घायपाताची झुडपं जिकडे तिकडे होती. लोक त्याची लांब लांब पानं कापत, पाण्यात कुजवत, दगडावर आपटून धूत. मग आत केसांसारखे पांढरे धागे राहत. त्याला वाख म्हणतात. वाख उन्हात कडकडीत वाळवायचा आणि त्याचा दोर वळायचा. विहिरीचे दोर, बैलांचे कासरे, पाळण्याच्या दोऱ्या, सगळं त्या गावातून जायचं.

दोर वळणं हे दोघांचं काम. एकानं बसून चाक फिरवायचं. दुसऱ्यानं वाख कमरेला बांधायचा, त्याचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवायचं आणि हातानं धागा सोडत सोडत मागे मागे चालायचं. म्हणून त्या गावात कुणाची विचारपूस करायची झाली, तर लोक विचारायचे, "दुसरं टोक कोण धरतंय?" मुलीला स्थळ आलं तरी हाच प्रश्न आणि म्हातारा अंथरुणाला खिळला तरी हाच.

त्या गावात सुभाना नावाचा एक तरुण होता. तो डावखुरा होता. सगळं गाव उजव्या हातानं धागा सोडायचं आणि चाक उजवीकडे फिरवायचं. सुभाना वाख कमरेच्या दुसऱ्या बाजूला बांधायचा आणि डाव्या हातानं सोडायचा. मग चाकही डावीकडे फिरवावं लागायचं आणि दोराला पीळ उलटा पडायचा. चाकावर त्याची आई बसायची. तिला ती सवय झाली होती.

गावातले लोक हसायचे. "काय रे सुभाना, तुझ्या दोरानं बांधला तर बैल उलटा चालेल का?"

सुभानाही हसायचा. म्हणायचा, "बांधून बघा. मागंच चालतोय म्हटल्यावर त्यालाच टोक धरायला ठेवा."

मग एकदा वाईट घडलं. जत्रेच्या तोंडावर गावच्या विहिरीतला गाळ काढायचा होता. दोर सुभानाचा होता. शिदबा नावाचा धट्टाकट्टा गडी खाली उतरत होता आणि अर्ध्या वाटेत दोर तुटला. शिदबा जिवानं वाचला, पण त्याचा एक पाय गुडघ्यात कायमचा ताठ झाला. गावात त्याच्यासारखं झपझप मागे चालणारं कुणी नव्हतं. त्या दिवसानंतर त्याला धड पुढेही चालता येईना.

पंच बसले. दोराचं तुटकं टोक हातोहात फिरलं. जो तो म्हणाला, "उलटा पीळ. तुटणारच होता."

सुभाना मान खाली घालून उभा होता. तो काही बोलला नाही.

पाटील म्हणाले, "आजपासून सुभानाचं दुसरं टोक गावात कुणी धरायचं नाही. शिदबाच्या मनात येईल तेव्हा बंदी उठेल."

शिदबा भिंतीला टेकून पाय पसरून बसला होता. तो म्हणाला, "मी मेल्यावर विचारा."

आई होती तोवर ती चाकावर बसली. आईला कोण अडवणार? पण ती थकली आणि एका पावसाळ्यात गेली. सुभाना गावाबाहेरच्या छपरात एकटाच राहिला. एकट्यानं वळलेला दोर कुठे जाड, कुठे बारीक व्हायचा. शेरडं बांधायला म्हणून येणारे-जाणारे धनगर तेवढे घ्यायचे. गावातलं माणूस समोरून आलं, की नजर फिरवायचं. त्याच्याशी कुणी भांडतही नसे. हळूहळू सुभानाची बोलायची सवय मोडली. काही विचारलं, तर आधी घसा साफ करावा लागायचा.

त्याच गावात कोंडाआत्या म्हणून एक बाई होती. वय झालेली, एकटी. ज्या घरात टोक धरायला माणूस कमी पडे, त्या घरी ती जायची. कुठे बाळंतीण असे, कुठे कुणाला ताप आलेला असे. कोंडाआत्या पदर खोचून उभी राहिली, की त्या घरचं काम अडत नसे. जाता-येता तिला तो तुटक आवाज ऐकू यायचा. सगळ्यांनाच यायचा. सगळे पाय उचलून चालू लागायचे. आत्याही बरीच वर्षं तशीच गेली.

एक दिवस तिचे पाय काही उचलेनात. तिनं आपल्या फडक्यातली भाकरी सुभानाच्या छपरात दगडावर ठेवली आणि गेली. दुसऱ्या दिवशीही ठेवली. मग ते रोजचंच झालं. आत्याला वाटलं, चला, पोराच्या पोटात काही तरी पडतंय.

बरेच दिवस गेल्यावर सुभाना घसा साफ करून म्हणाला, "आत्या, भाकरी नका आणू."

"का रे? जाड होते का? म्हातारीच्या हाताची आहे, बाबा."

"भाकरी चांगली आहे. पण तुम्ही ठेवता आणि जाता. मला वाटतं मी खुंट्याचं जनावर आहे. येणारा वैरण टाकतो आणि पुढं जातो."

आत्यानं फडक्याची घडी घातली. मग म्हणाली, "बरं. मग काय आणू?"

"काही नको." असं म्हणून सुभानानं चाकाकडे पाहिलं. ते आत्यानंही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या मोकळ्या हातानं आली आणि सरळ चाकाजवळ जाऊन बसली.

सुभाना घाबरला. "आत्या, बंदी आहे!"

"ठाऊक आहे. मी दमले म्हणून बसलेय. बसता बसता हात चाकाला लागला, तर कुणाच्या बापाचं काय गेलं? वाख बांध."

त्या दिवशी खूप वर्षांनी सुभानाचं चाक न थांबता फिरलं. गावात लोकांनी कान टवकारले. संध्याकाळी पाणवठ्यावर एकीनं विचारलंच, "आत्या, गावातली घरं पुरेनात का तुम्हाला?"

आत्या म्हणाली, "पुरतात की. पण तिथं माझ्याशी बोलायला तुम्ही असता. तो बोलत नाही. कानाला जरा आराम."

पाटलांनी तिला बोलावून घेतलं. "आत्या, बंदी मोडली, तर तुम्हालाही कुणी कामाला बोलावणार नाही."

"नका बोलावू. तुमच्या सुनेचे दिवस भरत आलेत म्हणे. तिचं टोक कोण धरणार, ते ठरवून ठेवा."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "तसं नव्हे हो."

"सकाळ गावाची, पाटील. दुपारी मी माझ्या मनाची. मला यात कुणी काही देत नाही आणि मी कुणाचं काही घेत नाही."

गाव कुरकुरलं. पण आत्यावाचून कुणाचं चालत नव्हतं, म्हणून ते कुरकुरण्यावरच राहिलं.

इथपर्यंत आत्याचं चांगलंच चाललं होतं. पण पहिल्याच दिवशी तिच्याकडून एक चूक झाली होती. आयुष्यभर दोर वळलेल्या माणसाकडूनच ती व्हावी, अशी चूक होती. ती चाकावर बसली आणि आयुष्यभराच्या सवयीनं तिनं चाक उजवीकडे फिरवलं. सुभाना डाव्या हातानं धागा सोडू लागला. वाखाला पीळ बसण्याऐवजी तो सुटू लागला.

आत्या म्हणाली, "अरे, हात बदल. त्या डाव्या हातापायीच हे सगळं झालं ना? गावासारखा सरळ पीळ घाल. गाव तुला परत घेईल."

सुभानानं हात बदलला.

सबंध हिवाळा आत्या त्याला उजव्या हातानं दोर वळायला शिकवत होती. ती प्रेमानंच शिकवायची. पण बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं बोलायची आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. त्याच्या बोटांत धागा अडखळला, की म्हणायची, "दे इकडं. बघ, असं." आणि वाख आपल्या हातात घ्यायची. दोर गाठीगाठींचा निघायचा. तो पाहून एक बाई म्हणाली, "आत्या, हा दोर आहे की अजगरानं उंदीर गिळलेत?" आत्या चिडली. दुसऱ्या दिवसापासून ती आणखी जास्त वेळ वाख आपल्याच हातात धरू लागली. सुभाना बसून चाक फिरवू लागला. दोर सुधारत गेला.

हिवाळा संपत आला तेव्हा आत्यानं एक दोर उचलून उन्हात धरला. "बघ, बघ सुभाना! किती सुरेख झालाय!"

"सुरेख आहे," सुभाना म्हणाला. "पण आत्या, हा तुमचा दोर आहे. माझा हात यात कुठंच नाही."

तेव्हा आत्याचं लक्ष गेलं. छपराच्या खांबाशी एक गाठोडं बांधून ठेवलं होतं.

"हे काय रे?"

"निघतोय. जिथं मला कुणी ओळखत नाही, तिकडं कुठं तरी."

"आणि तिथं दुसरं टोक कोण धरणार तुझं?"

सुभाना हळू आवाजात म्हणाला, "इथं तरी कोण धरतंय, आत्या?"

आत्याला ते फार लागलं. ऊनवारा सोसून, गावाची बोलणी खाऊन ती रोज येत होती, आणि हा असं म्हणतो! तिच्या तोंडात उलट उत्तर आलंही होतं. पण तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो तिला टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

आत्यानं हातातला दोर खाली ठेवला. मग उठली. म्हणाली, "जायचं तर जा. पण जाण्याआधी मला तुझी रीत दाखव. गावात ती दुसऱ्या कुणाला येत नाही. तुझ्याबरोबर निघून जाईल."

"तुम्हाला?"

"मला. म्हातारीला काही शिकता येत नाही, असं थोडंच आहे?"

सुभानानं वाख तिच्या कमरेला दुसऱ्या बाजूला बांधला. तो चाकावर बसला आणि त्यानं चाक डावीकडे फिरवलं. आत्या डाव्या हातानं धागा सोडत मागे चालू लागली. दोन पावलं गेली नाही तोच धागा तुटला. पुन्हा जोडला, पुन्हा तुटला. मग वाखाचा असा गुंता झाला, की आत्याची बोटंच त्यात अडकली.

"बया गं! हा हात माझा आहे की शेजारणीचा?"

सुभाना हसला. हसू बाहेर कसं काढायचं हेच तो विसरला होता, म्हणून ते आधी नाकातून आलं. "अगं आत्या, अंगठा दाबू नकोस. नुसता टेकव. मनगट सैल सोड. सैल गं!"

आजवर तो तिला 'तुम्ही' म्हणत होता. त्या दिवशी 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. आत्या धडपडत होती आणि तो शिकवत होता. शिकवता शिकवता त्याची पाठ सरळ झाली, आवाजातली खरखर गेली.

ऊन कललं तेव्हा आत्याचा खांदा भरून आला होता, बोटं सोलपटली होती आणि तळहाताएवढाही नीट दोर झाला नव्हता. ती मटकन खाली बसली. तिनं आपल्या हाताकडे पाहिलं आणि मग सुभानाकडे पाहिलं.

"सबंध हिवाळा मी तुला हे असं करायला लावलं?"

सुभाना तिच्या कमरेचा वाख सोडू लागला.

"अरे, मग एकदा तरी सांगायचं होतंस!"

"तू एकटीच तर येत होतीस, आत्या. मी बोललो असतो आणि तू यायची थांबली असतीस तर?"

आत्यानं पदर डोळ्यांना लावला. मग नाक पुसून ती उठली, चाकावर जाऊन बसली आणि चाक डावीकडे फिरवू लागली. "वाख बांध," ती म्हणाली. "तुझ्या बाजूला बांध."

गाठोडं काही दिवस तसंच खांबाशी राहिलं. मग त्यातलं धोतर लागलं म्हणून सोडलं गेलं, ते पुन्हा बांधलं गेलं नाही.

सुभानाच्या डाव्या हातात जुनी कला परत आली. त्याचा दोर असा एकसारखा निघू लागला, की धनगर शेरडांसाठी म्हणून न्यायचे आणि पाणी शेंदायला वापरायचे. ही बातमी गावात पोचली. एक दिवस स्वतः पाटील छपरात आले. पाटील मनानं वाईट नव्हते. त्यांनी दोर हातात घेऊन ताणून पाहिला.

"सुभाना, झालं तेवढं पुरे झालं," ते म्हणाले. "जत्रा आलीय. जत्रेच्या दिवशी चावडीवर ये आणि सगळ्यांसमोर म्हण, चूक माझ्या डाव्या हाताची होती, आजपासून तो हात सोडला. घरात मग कुठल्याही हातानं वळ, मी बघायला येत नाही. शिदबाची समजूत मी घालतो. पंगतीत तुझं पान मांडलं जाईल."

पाटील गेले. सुभाना कितीतरी वेळ दोराशी चाळा करत बसला. पंगतीतलं पान त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. इतक्या वर्षांत त्याच्या शेजारी बसून कुणी जेवलं नव्हतं.

शेवटी चाक पुसत बसलेल्या आत्याला तो म्हणाला, "आत्या, तुला एक सांगू? तो दोर उलट्या पिळानं तुटला नाही."

"मग?"

"वाख ओला होता. जत्रेची घाई होती. दोर माझाच घ्यावा, अशी मला हौस होती. वरवर हात लावला, वाळलाय असं वाटलं. आत दमट होता, ते मला बोटांना कळलं होतं. तरी वळला. पंचायतीत सगळे डाव्या हाताला बोल लावू लागले. डावा हात तर मी जन्माला येताना घेऊन आलोय. त्याचा दोष माझा नव्हे. मग मला ते बरं वाटलं. लावू दिला बोल."

आत्याचा हात चाकावरच थांबला.

"आता मी काय करू, आत्या? पाटील म्हणतात तसं म्हटलं, तर उद्या मी माणसांत असेन. खरं सांगितलं, तर शिदबा जन्मात माझं तोंड बघणार नाही."

आत्यानं चाकावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "मला नको विचारूस, बाळा. मी सांगायला लागले, की उजव्या हाताचंच सांगते. तुझं तुला काय ठरवायचं ते ठरव. कुठं जायचं असलं, तर दारापर्यंत येते मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभाना शिदबाच्या घरी निघाला. आत्या बरोबर होती. दारापाशी ती थांबली आणि अंगणातल्या दगडावर बसली. आत सुभाना एकटा गेला.

शिदबा बाजेवर बसला होता. त्यानं पाहिलं आणि तोंड फिरवलं. "कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. दादा, तो दोर माझ्या चुकीनं तुटला. डाव्या हाताच्या नाही. वाख ओला होता. मला माहीत होतं."

शिदबानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "इतकी वर्षं मी तुझ्या त्या हाताला शिव्या घातल्या. सकाळी उठलो की त्याला शिव्या, काठी धरली की त्याला शिव्या. आणि आज येऊन सांगतोस, हात नव्हता?"

"हो, दादा."

"मग आता शिव्या कुणाला घालू?"

"मला घाल."

शिदबानं बाजेजवळचा तांब्या उचलून फेकला. तो भिंतीवर आपटला. "नीघ! ऊठ, नीघ इथनं!"

सुभाना बाहेर आला. आत्यानं त्याच्या अंगावर उडालेलं पाणी पदरानं टिपलं. दोघं परत गेली.

गोष्ट गावभर झाली. पाटील संतापले. "आयतं दार उघडून दिलं, तर यानं आतून कडी लावून घेतली." कुणी म्हणालं, बरं झालं, खरा गुन्हेगार सापडला. एखादा म्हणाला, निदान सांगितलं तरी. जत्रा झाली, पंगती झाल्या. सुभानाचं पान मांडलं गेलं नाही. बंदी होती तशीच राहिली.

कोंडाआत्या मात्र दुपारी आली आणि चाकावर बसली. जत्रेच्या दिवशीही आली. 'तुला वाईट वाटलं का' असं तिनं विचारलं नाही. 'बघ, मी म्हटलं नव्हतं का' असंही नाही. ती चाक डावीकडे फिरवत राहिली आणि सुभाना मागे चालत राहिला.

असे पुष्कळ दिवस गेले. मग एका दुपारी काठीचा आवाज आला. शिदबा ताठ पाय ओढत ओढत माळावरून येत होता. तो छपरात आला. वाळवून बांधून ठेवलेल्या वाखाजवळ गेला, मूठभर वाख उचलला, आतून चाचपला, नाकाशी नेला.

"ओला आहे," तो म्हणाला.

वाख चांगला वाळला होता. आत्या काही म्हणणार, तेवढ्यात सुभाना म्हणाला, "वाळवतो, दादा." त्यानं सगळा वाख सोडून पुन्हा उन्हात पसरला.

दुसऱ्या दिवशी शिदबा पुन्हा आला. पुन्हा वाख चाचपला. "अजून ओला."

"वाळवतो."

आता तो रोजच येऊ लागला. वाख हातात घ्यायचा, हुंगायचा, काही तरी खोड काढायचा. मग सावलीत दगडावर बसून दोघांचं काम बघायचा. घरी बाजेवर बसून बसून त्याचाही जन्म वाया चालला होता, हे त्याच्याखेरीज कुणी मनात आणलं नव्हतं. सुभाना कधी म्हणाला नाही, की बंदी उठव. शिदबाही त्या विषयावर बोलला नाही. एका दुपारी त्यानं वाख नुसता चाचपला आणि खाली ठेवला. "हं," म्हणाला. बस्स, तेवढंच.

त्याच दुपारी आत्या घागर घेऊन पाण्याला गेली. चाक रिकामं झालं. सुभाना वाख कमरेला बांधून उभा होता, आत्याची वाट बघत. शिदबानं काठी बाजूला ठेवली, दगडावरून सरकत सरकत तो चाकाजवळ गेला, ताठ पाय लांब केला आणि चाकाला हात घातला.

आत्या भरली घागर घेऊन परत येत होती. छपराजवळच्या बाभळीखाली तिला बोलणं ऐकू आलं. ती तिथेच उभी राहिली.

"उलटं, दादा. डावीकडं फिरव."

"माझ्या हाताला असंच येतं."

"धागा सुटतोय बघ."

"तू नीट चाल, म्हणजे नाही सुटणार. पाऊल बघ कसं टाकतोय! कुणी शिकवलं तुला मागं चालायला?"

"पावलाचं काही नाही. चाक उलटं फिरतंय."

"गप रे. मला चाक शिकवतोस? ...हं. हे घे. फिरवलं डावीकडं. तुझ्या आईला हे कसं जमत होतं, देव जाणे."

"तीही पहिल्या पहिल्यांदा शिव्याच घालायची."

शिदबा हसला की खोकला, ते कळलं नाही. "मग तिच्या वाटणीच्याही मीच घालतो. चल, सोड धागा. आणि अंगठा कशाला दाबतोस? सैल धर."

"सैलच आहे, दादा."

चाक फिरू लागलं. सुभाना मागे मागे चालत निघाला आणि दोर दोघांमध्ये लांब होत गेला. दोघांचंही लक्ष दोराकडे होतं. वाद मिटला नव्हता, चालूच होता.

कोंडाआत्यानं घागर सावलीत ठेवली, दोघांचाही हात पोचेल अशी. डोक्यावरचा पदर सारखा केला. आणि काही न बोलता ती गावाच्या वाटेनं निघून गेली.

तात्पर्य म्हणून एवढंच ध्यानात ठेवावं: ज्याला हात द्यायचा, त्याचा हात कोणता हे आधी त्यालाच विचारावं, आणि त्याचं टोक दुसऱ्या कुणी धरलं, की आपण आपलं हळूच सोडावं.